लिंबोणीचे पान काय सांगते?



आपल्या खानदेशात ज्या घराला वीतभर परस आहे, त्या घरी एखादी लिंबोणी बहुधा असतेच. न्हाणीचे पाणी जिथे जिरते तिथे एक कागदी लिंबू, शेजारी कढीपत्ता, पलीकडे शेवगा, असा तो संसार असतो. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसावर चढतो आणि बाजारात लिंबू हाताला लागू देत नाही. तेव्हा परसातली ही लिंबोणी घराची लाज राखते. सरबत तिचे, लोणचे तिचे, आणि पाहुण्याच्या ताटातली फोडही तिचीच.

अशी ही लिंबोणी एक दिवस रंग बदलू लागते. घरची म्हातारी पहिल्यांदा ओळखते आणि म्हणते, ‘भाऊ, निंबू पिवयं पडनं.’ मग शेजारीपाजारी उपाय सांगू लागतात. एक म्हणतो, ‘ओंजळभर युरिया टाक.’ दुसरा म्हणतो, ‘चुलीची राख घाल.’ तिसरा तर कपाशीवर मारून उरलेली औषधाची बाटलीच घेऊन येतो. तिघांच्याही मनात चांगलेच असते. पण झाडाला झाले आहे काय, हे मात्र तिघांपैकी एकानेही विचारलेले नसते.

आज मला आपल्याशी एवढेच बोलायचे आहे. औषधाची बाटली उघडण्यापूर्वी पान वाचावे. नाडी न पाहता काढा देणारा वैद्य आपण दारात उभा करत नाही. मग झाडानेच काय पाप केले आहे?

पान वाचणे कठीण नाही. सकाळच्या उजेडात झाडाजवळ जा आणि तीन प्रश्न विचारा. पहिला प्रश्न, दुखणे कोवळ्या शेंड्याच्या पानांवर आहे की खालच्या जून पानांवर? दुसरा, पानाचा नुसता रंग गेला आहे, की त्यावर डाग, भोक, सुरकुती, पांढरी रेघ असे काही आहे? आणि तिसरा, पान उलटून पाहिले तर खालच्या अंगाला कोण बसले आहे? या तीन प्रश्नांत निम्म्याहून अधिक निदान होते.

पहिला प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते सांगतो. घरात धान्य कमी पडले म्हणजे वडीलधारी माणसे आपल्या ताटातली भाकर उचलून लेकरांच्या ताटात वाढतात. झाडही तसेच करते. नत्र कमी पडले की जुन्या पानातले नत्र काढून ते नव्या पानाला देते. म्हणून नत्राची उणीव जुन्या पानांवर आधी दिसते. सबंध पान सारखे फिक्कट होते, शिरांसकट पिवळे पडते. मॅग्नेशियमचेही असेच. फक्त तिथे जुन्या पानाच्या देठाकडे हिरव्या रंगाचा एक त्रिकोण शिल्लक राहतो आणि बाकीचे पान पिवळे होते. लोह आणि जस्त यांची तऱ्हा मात्र वेगळी आहे. ती भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखी. एकदा जुन्या पानात बसली की तिथून सहसा हलत नाहीत. म्हणून त्यांची उणीव नव्या पालवीवर दिसते.

आता आपल्या खानदेशात सर्वांत जास्त जे दिसते, त्याकडे वळू. शेंड्याची नवी पाने पिवळी, जवळजवळ पांढुरकी, आणि त्यांत शिरांची जाळी मात्र हिरवीगार. जणू पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याने विणकाम केले आहे. ही लोहाची उणीव. आता कोणी म्हणेल, आपल्या जमिनीत लोह कमी आहे काय? मुळीच नाही. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांतली आपली काळी माती लोहाने भरलेली आहे. पण या मातीत चुनखडीही आहे. मातीचा आंबटपणा किंवा खारेपणा मोजण्याचे जे माप आहे त्याला सामू म्हणतात. सात हा मध्य. सातच्या खाली आंबट, वर विम्ल. आपली काळी जमीन बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, काही ठिकाणी त्याहूनही वर असते. अशा चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. कोठारात धान्य आहे, पण किल्ली हरवली आहे, अशी गत होते. त्यात आळ्यात सतत पाणी साचले म्हणजे मुळांचा श्वास कोंडतो आणि पिवळेपणा आणखी वाढतो.

ही तक्रार फक्त आपलीच नाही. फ्रान्समध्ये चुनखडीच्या जमिनीवरील द्राक्षवेली अशाच पिवळ्या पडत. १८४० नंतरच्या काही वर्षांत यूसेब ग्री नावाच्या संशोधकाने अशा वेलींना लोहाचे क्षार दिले आणि पाने पुन्हा हिरवी होतात हे दाखवून दिले. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक कोव्हिल यांनी ब्लूबेरी नावाच्या जंगली निळ्या फळाची लागवड का फसते, याचा शोध घेतला आणि १९१० साली प्रसिद्ध केले, की या झाडाला आंबट माती लागते. साध्या बागेच्या मातीत ते पिवळे पडून झुरते. अलीकडे हौसेने ब्लूबेरीची रोपे मागवून कुंडीत लावणारी मंडळी आपल्याकडेही आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच सामूची माती हवी आणि आपली काळी माती साडेसातच्या वर. झाड वेगळे, मुलूख वेगळा, पण नव्या पानाचे गाऱ्हाणे तेच.

म्हणूनच चुलीची राख लिंबोणीला घालू नका, असे मी आग्रहाने सांगतो. कोकणातल्या आंबट मातीत राख उपयोगी पडेल. पण राख ही विम्ल वस्तू आहे. आपल्या मातीत ती घालणे म्हणजे हरवलेली किल्ली विहिरीत टाकण्यासारखे आहे. घराच्या बांधकामाचा राडारोडा, चुन्याचे आणि सिमेंटचे तुकडे झाडाच्या बुडाशी लोटतात, तेही तसेच. धुण्याचे सोड्याचे पाणी दररोज एकाच आळ्यात सोडणेही बरे नव्हे.

दुखणे लोहाचेच आहे हे ओळखायचे कसे? एक सोपी परीक्षा आहे. गुरुजनांनी ही शाळेतल्या मुलांकडून जरूर करून घ्यावी. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवा. हिराकस हिरवट खड्यांचा हवा. तांबूस भुकटी झालेला असेल तर तो जुना, त्याचा उपयोग नाही. पाण्यात लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका. आता संध्याकाळी कापसाच्या बोळ्याने पिवळ्या पानाच्या एकाच बाजूला, मधल्या शिरेच्या डावीकडे म्हणा, हे पाणी लावा. उजवी बाजू कोरी ठेवा. पानाला दोरा बांधून खूण करा. आठ-दहा दिवसांनी पाहा. डावी बाजू हिरवी झाली आणि उजवी पिवळीच राहिली, तर निदान पक्के झाले. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही आणि पैसाही लागत नाही. आणि डोळ्यांनी पाहिलेले मूल आयुष्यात विसरत नाही.

उपायही मग ओघानेच आला. हेच पाणी, लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने, नव्या पालवीवर संध्याकाळी फवारावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावे. जमिनीत नुसता हिराकस टाकला तर चुनखडी त्यालाही बांधून टाकते. टाकायचाच असेल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून टाकावा. दुकानात चिलेटेड लोह मिळते. ते मातीत द्यायचे असेल तर चुनखडीच्या जमिनीत टिकणारा प्रकार दुकानदाराकडून विचारून घ्यावा, कारण सगळे प्रकार आपल्या मातीत टिकत नाहीत. पण खरा दीर्घ उपाय म्हणजे सेंद्रिय खत आणि पाण्याला शिस्त. पावसाच्या तोंडाशी दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत, आणि बुंध्यापासून हातभर दूर, केळीच्या वाळल्या पानांचे किंवा पाचटाचे आच्छादन घालावे. रावेर-यावलकडे केळीच्या पानांना काय तोटा!

जस्ताची उणीव थोडी निराळी दिसते. नवी पाने लहान, अरुंद, टोकदार होतात, शेंड्याला झुपक्याने उभी राहतात आणि शिरांच्या मधे पिवळे ठिपके-पट्टे उमटतात. यासाठी एका लिटरला पाच ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरवलेला चुना घ्यावा, गाळावा आणि फवारावा. आता तुम्ही म्हणाल, चुना वाईट म्हणालात आणि पुन्हा चुनाच सांगता? इथे तो झिंक सल्फेटाचा दाहकपणा मारण्यासाठी आहे, पानावर आहे, मातीत नाही. लोह आणि जस्त वेगवेगळ्या दिवशी फवारावे. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. जे पान जुने होऊन वाळत आले आहे ते पुन्हा हिरवे होणार नाही. फरक पाहायचा तो नव्या पालवीत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. रंग नव्हे, तर पानावर खुणा आहेत. पान कडेने कुरतडलेले दिसते का? मग फुलपाखराची अळी शोधा. लहानपणी ती काळपट-पांढरी, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून नजर चुकवते. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने डिवचले तर डोक्यामागून शिंगासारखा दुभंगलेला अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हीच अळी कढीपत्त्यावर आणि बेलावरही असते, कारण ही झाडे लिंबाच्याच कुळातली. दहा-पंधरा फुटांच्या झाडावर या अळ्या हाताने वेचता येतात. त्यासाठी विष कशाला? शिक्षकांनी तर दोन अळ्या बरणीत ठेवून, रोज कोवळी पाने घालून मुलांना कोष आणि फुलपाखरू दाखवावे.

कोवळ्या पानावर चंदेरी, नागमोडी रेघा दिसतात आणि पान आकसते, ती पाने पोखरणारी नागअळी. तिला घाबरून फांद्या छाटू नका. मोठे झाड तेवढे सोसते. रोप लहान असेल तर पालवी फुटतानाच निंबोळी अर्क फवारावा. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटाव्या, रात्रभर पाण्यात भिजवाव्या, सकाळी फडक्याने गाळाव्या, एकूण दहा लिटर पाणी करावे आणि त्यात थोडा साबण विरघळवावा. हा अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर वापरावा.

शेंड्याची कोवळी पाने गुंडाळतात, चिकट होतात आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्यासारखे मेण दिसते, तिथे सायला नावाची कीड असते. ती मागचा भाग वर उचलून तिरपी बसते, त्यावरून ओळखावी. हिच्याकडे दुर्लक्ष करू नये. ती ग्रीनिंग नावाचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. त्या रोगात पानावर पिवळे-हिरवे डाग येतात, पण डाव्या-उजव्या बाजूचे डाग एकमेकांशी जुळत नाहीत. फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. या रोगावर खात्रीचा इलाज नाही. तज्ज्ञाने तो पक्का ठरवला तर झाड काढून टाकणेच शहाणपणाचे. हे ऐकायला कडू आहे, पण एका झाडाच्या मायेपायी शेजाऱ्याची बाग धोक्यात घालणे बरे नव्हे.

पान काळे पडले असेल तर आधी बोटाने पुसून पाहा. काजळी पुसली गेली तर ती कोळशी. ती किडींच्या चिकट स्रावावर वाढते. पानाला ती खात नाही, पण उजेड अडवते. साबणाच्या पाण्याने धुवा, आणि चिकटा सोडणारी कीड पानाखाली शोधा. मुंग्यांची रांग तुम्हाला तिथवर वाट दाखवील.

आणि पावसाळ्यात पानावर, काटक्यांवर आणि फळावर खरखरीत, उठावदार, खैरी डाग येतात, पानावर त्याभोवती पिवळे कडे दिसते. तो खैऱ्या रोग. इंग्रजीत याला कँकर म्हणतात. आपल्या कागदी लिंबावर तो फार लवकर येतो. हा रोग जिवाणूंचा. पावसाच्या थेंबांबरोबर उडतो आणि नागअळीने केलेल्या जखमांतून आत शिरतो. रोगट काटक्या पावसाळ्यापूर्वी, कोरड्या दिवशी, छाटून जाळाव्या. नंतर बोर्डो मिश्रण फवारावे आणि पावसाळ्यात महिन्याच्या अंतराने पुन्हा.

या मिश्रणाची गोष्ट मजेची आहे. फ्रान्सच्या बोर्डो भागात वाटसरू रस्त्याकडेची द्राक्षे चोरत, म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. निळे-पांढरे डाग पाहून कोणी हात लावीत नसे. १८८२ साली मिलार्डे या प्राध्यापकाच्या लक्षात आले, की केवडा रोगाने सगळे मळे झडले, पण रस्त्याकडेच्या या वेलींची पाने टिकली आहेत. तेथून हे औषध जन्माला आले. आपल्या घरी ते असे करावे. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात शंभर ग्रॅम कळीचा चुना विरवून पाच लिटर पाणी करा. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. त्यात स्वच्छ लोखंडी विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस लेप चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला. लेप चढला नाही म्हणजे मिश्रण साधले. ते त्याच दिवशी संपवा. लोखंडी भांडे वापरू नका, आणि मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नका.

एक दुखणे असे आहे, की ते दिसते पानावर आणि असते बुंध्यात. पानाची फक्त मधली शीर पिवळी पडू लागली, तर खाली वाकून बुंधा पाहा. साल भिजल्यासारखी, काळपट, आणि त्यातून डिंक वाहतो आहे? हा डिंक्या. पाणी बुंध्याला टेकून साचल्याने तो बळावतो. म्हणून लिंबोणीला दुहेरी आळे करावे. आतले आळे कोरडे, पाणी बाहेरच्या आळ्यात. सडलेली साल धारदार चाकूने खरवडून, एक भाग मोरचूद, एक भाग चुना आणि दहा भाग पाणी असा लेप बुंध्याला लावावा. कलम लावले असेल तर कलमाचा सांधा मातीत कधी पुरू नये.

बंधूंनो, आता शेवटचे, पण सर्वांत गंभीर. कपाशीची उरलेली बाटली. आपला मुलूख कपाशीचा, घरोघरी अर्धी-पाव बाटली उरलेली असते, आणि ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून ती लिंबोणीवर जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर प्राणास मुकले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. ते तर उघड्या रानात होते. परसातली लिंबोणी कुठे असते? स्वयंपाकघराच्या खिडकीशी, पाण्याच्या माठाशी, पाळण्याच्या दोरीशी. तिचे फळ आपण सालीसकट लोणच्यात घालतो आणि तिचे पान लेकरू हुंगून पाहते. २०१३ च्या जुलै महिन्यात बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेचे दुपारचे जेवण जेवून तेवीस मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. म्हणून म्हणतो, ज्या डब्याच्या चिठ्ठीवर लिंबाचे नाव नाही, ते औषध लिंबावर मारू नका. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल त्रिकोणाचे औषध घराच्या कुंपणाच्या आत आणूच नका. रिकामी बाटली धुऊन तेला-रॉकेलाला वापरू नका. आणि फुलोरा असताना फवारू नका, नाही तर मधमाशी मरते आणि फळधारणेचेही नुकसान होते.

एवढे पाहूनही उलगडा झाला नाही, तर आजारी पाने, थोडी निरोगी पाने आणि पसाभर माती घेऊन कृषी विज्ञान केंद्र गाठा. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद येथे, आणि धुळ्यालाही असे केंद्र आहे. पाने ओल्या फडक्यात नव्हे, कागदात गुंडाळून न्या आणि झाडाला कोणते पाणी, कोणते खत देता ते सांगा. नवी लिंबोणी लावायची असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ ही जात विचारा, आणि रोप घेताना त्याचे पान उलटूनच घ्या.

गुरुजनांना एक विनंती आहे. शाळेच्या परसबागेत एक लिंबोणी असू द्या. दर शनिवारी दोन मुलांनी तिची पाहणी करावी. नवे पान कसे, जुने पान कसे, पानाखाली कोण, हे वहीत तारखेसह लिहावे आणि शेजारी पान चिकटवावे. वर्षभरात त्या वहीचे एक छोटे पुस्तकच होईल. आणि घरी बाटली उघडायला निघालेल्या बापाला ते पोर म्हणेल, ‘थांबा आबा, आधी पान पाहू.’

तेवढे झाले तर माझे हे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.